सोलरला अनुदान आणि उद्योगाच्या बिलावर भार: सरकारी हस्तक्षेपावरची शंका नेमकी कुठे घ्यावी?

इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे २४ साध्या मागांचे शेड आहे, मंजूर भार २७ एचपीच्या आत आहे आणि काम दोन पाळ्यांत चालते. शेतीपंपांना मोफत वीज, सौर पंपांना ९० टक्के अनुदान, घरांच्या छतांसाठी ७८,००० रुपये आणि या सगळ्याचा बोजा शेवटी कारखानदाराच्या बिलावर, अशी त्यांची तक्रार आहे. त्यापुढे ते दोन गोष्टी विचारतात: सरकारने हरित ऊर्जेचा हट्ट सोडून वीजबाजारातून हात काढून घेतला तर वीज स्वस्त होणार नाही का, आणि आजच्या परिस्थितीत शेडवर सोलर बसवावे की नियम पुन्हा बदलतील या भीतीने थांबावे?

उत्तर देण्यापूर्वी माझी बाजू सांगून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्या मताचे वजन ठरवता येईल. गेली २६ वर्षे मी कोल्हापूर, सांगली आणि सातारा भागात विद्युत सल्लागार म्हणून काम करतो. फाउंड्री, सूतगिरण्या, साखर कारखाने आणि यंत्रमागाची शेडे यांचे ऊर्जा ऑडिट करणे हा माझा मुख्य व्यवसाय आहे. मी पॅनेल विकत नाही आणि कोणत्याही पुरवठादाराकडून कमिशन घेत नाही. सोलर बसवा असा सल्ला मी अनेकांना दिला आहे, आणि बसवू नका असाही दिला आहे.

तुमच्या प्रश्नात एकमेकांत गुंतलेली दोन प्रकरणे आहेत. पहिले धोरणाचे आहे: सरकारने ऊर्जेच्या व्यवहारात किती आणि कशा प्रकारे हात घालावा. दुसरे तुमच्या पैशाचे आहे: सरकारने आज दिलेल्या कोणत्या आश्वासनावर विसंबून तुम्ही पुढच्या २५ वर्षांसाठी स्वतःचे भांडवल गुंतवावे. माझ्या मते तुमची खरी अडचण दुसरी आहे आणि पहिल्यातला राग तिच्यामुळे वाढला आहे. तरी पहिल्याबद्दल आधी बोलणे भाग आहे, कारण ते नीट समजले नाही तर दुसऱ्याचा हिशेब चुकतो.

सरकारचा हात नसलेला वीजबाजार आपल्याकडे होता आणि हरित ऊर्जेने तो बिघडवला, ही समजूत बरोबर नाही. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पात सूर्य किंवा वारा कुठेच नव्हता. डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार झाला, १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, पुन्हा वाटाघाटी करून स्वीकारला, मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये बंद पडली. वीज घेतली नाही तरी द्यावा लागणारा क्षमता आकार, नाफ्थ्याच्या आणि डॉलरच्या भावाशी बांधलेला दर आणि त्यावर सरकारी हमी, हे सगळे त्या करारात होते. मार्च २०२२ मध्ये वीज एक्स्चेंजवरचा, म्हणजे विजेच्या खुल्या बाजारातला, भाव युनिटला २० रुपयांपर्यंत गेला, तेव्हा केंद्रीय नियामक आयोगाने एप्रिलमध्ये १२ रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी ती १० रुपयांवर आणली. मे २०२२ मध्ये वीज कायद्याच्या कलम ११ खाली आयात कोळशावरच्या प्रकल्पांना पूर्ण क्षमतेने चालण्याचा आदेश निघाला. औष्णिक केंद्रांच्या धुरातील गंधक काढण्याची यंत्रणा बसवण्याचे मानक डिसेंबर २०१५ मध्ये आले, त्याची मुदत वारंवार वाढवली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट मिळाली. औष्णिक केंद्र असलेल्या चंद्रपूरसारख्या शहराच्या हवेत जे सोडले जाते त्याची किंमत तुमच्या युनिटच्या दरात लागत नाही, आणि हीसुद्धा कोळशाला दिलेली एक सवलतच आहे. आणि यंत्रमागाला मिळणारी राज्य सरकारची वीजदर सवलत तुमच्या स्वतःच्या बिलावर आहे. ती योग्य आहे असे मला वाटते, कारण तिच्याशिवाय वस्त्रनगरीतले निम्मे खटखट आवाज बंद पडले असते. पण तोही हस्तक्षेपच आहे, आणि सरकारने हात काढला तर तुमच्या बिलावरची ती सवलतही त्याच दिवशी जाईल.

म्हणून हस्तक्षेप असावा की नसावा या वादात मी फारसा पडत नाही. कोणताही हस्तक्षेप समोर आला की मी तीन-चार साध्या गोष्टी तपासतो. पैसा कशासाठी दिला जातो, तो कोणाच्या खिशातून येतो, त्याला शेवटची तारीख आहे का आणि ज्याच्या भरवशावर लोक पैसे घालतात तो नियम मध्येच फिरवला जाणार नाही याची खात्री किती. या कसोटीवर आपली अनेक हरित धोरणे कमी पडतात, आणि तिथे तुमची शंका पूर्णपणे रास्त आहे.

पैसा कशासाठी दिला जातो, हे मी पवनचक्क्यांच्या कामात शिकलो. २००० नंतरच्या काही वर्षांत पाटण तालुक्यातील पठारांवर पवनचक्क्या उभारणाऱ्या एका कंत्राटदारासाठी मी विद्युत तपासणीचे काम करत होतो. त्या काळात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा उत्पन्नातून वजा करता येत असे, मात्र यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवस वापरात असेल तरच पूर्ण घसारा मिळे. त्यामुळे सगळी धावपळ सप्टेंबरअखेरीस चाले. एका वर्षी ३० सप्टेंबरला संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही पठारावर होतो, धुके इतके दाट होते की मनोऱ्याच्या बुंध्याशी उभे राहून वरची पाती दिसत नव्हती आणि पाऊस तिरका लागत होता. रोहित्राच्या तेलाची चाचणी पुन्हा घ्यावी असे माझे म्हणणे होते, पण मालकाच्या माणसाला त्या दिवशीच्या तारखेचे चालू झाल्याचे पत्र हवे होते, आणि ते त्याला मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो तेव्हा ते यंत्र गिअरबॉक्स बिघडल्यामुळे दोन महिने उभे होते आणि मालकाला त्याची विशेष घाई नव्हती, कारण त्याचा लाभ पहिल्या वर्षीच पदरात पडला होता.

त्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही, कारण धोरणाने त्याला यंत्र विकत घेण्याचे पैसे दिले होते, वीज तयार करण्याचे दिले नव्हते. २००९ च्या अखेरीस केंद्राने तयार झालेल्या प्रत्येक युनिटला ५० पैसे देणारी योजना आणली, तेव्हा त्याच पठारांवर देखभालीची माणसे कायमची राहू लागली आणि सुटे भाग साठवले जाऊ लागले, हे मी स्वतः पाहिले. दोन्ही योजना हरितच होत्या आणि दोन्हींत सरकारचाच पैसा होता. घसाऱ्याची ही सवलत २०१२ मध्ये काढली, २०१४ मध्ये परत आणली आणि एप्रिल २०१७ पासून ती ४० टक्क्यांवर आली. पवनऊर्जेचा लिलाव २०१७ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा झाला तेव्हा भाव ३ रुपये ४६ पैसे निघाला आणि त्याच वर्षी तो अडीच रुपयांच्या खाली उतरला, जेव्हा राज्यातील जुन्या करारांत त्याहून बराच जास्त दर ठरलेला होता. आयोगाने ठरवून दिलेल्या दरापेक्षा स्पर्धेत निघालेला दर ग्राहकाच्या हिताचा असतो, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

न्याय म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. राष्ट्रीय सौर अभियानाच्या डिसेंबर २०१० च्या लिलावात सौर विजेचा भाव युनिटला ११ ते पावणेतेरा रुपयांच्या दरम्यान होता. त्या भावाने वीज घेणे हे त्या दिवशीच्या हिशेबात नुकसानीचेच होते. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तोच भाव २ रुपये ४४ पैशांवर आला. यातला मोठा वाटा चीनमधल्या प्रचंड उत्पादनाचा आणि त्याआधी जर्मनीने लावलेल्या पैशांचा आहे, आपल्या अनुदानाचा नाही. तरी सुरुवातीचे महागडे प्रकल्प झाले नसते तर बोली लावणारे, कर्ज देणारे आणि जोडणी करणारे लोक आपल्याकडे तयार झाले नसते, हेही खरे आहे. सुरुवातीला थोडी मदत आणि बाजार उभा राहिला की माघार, हे मला मान्य आहे. माघार घ्यायची राहून जाते, तिथे माझा विरोध सुरू होतो.

आता पैसा कोणाच्या खिशातून येतो ते पाहू. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. एका युनिटला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो असे धरले तर ४०० रुपये म्हणजे युनिटमागे २५ ते ३० पैसे होतात, आणि वीज खरेदीच्या खर्चातून ते तुमच्यामाझ्या बिलात येतात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा उपकर राज्यांना द्यायच्या नुकसानभरपाईच्या खात्यात वळवण्यात आला आणि २०२५ मध्ये तो जीएसटीच्या दरात विरून गेला. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने सुरू झालेली वसुली अनेक वर्षे दुसऱ्याच कामाला लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सौर कृषिपंपांच्या योजनांना पैसा मिळावा म्हणून औद्योगिक आणि वाणिज्यिक ग्राहकांच्या वीज विक्री करात युनिटला ९.९० पैशांची वाढ मंजूर केली. बिलावर 'वीज विक्री कर' अशी एक ओळ असते, ती सहसा कोणी वाचत नाही. तुमची तक्रार हवेतली नाही, ती त्या ओळीत छापलेली आहे.

वीज कायद्याच्या कलम ६५ नुसार राज्य सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर ती रक्कम सरकारने वितरण कंपनीला आगाऊ दिली पाहिजे. ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. अनुदान अर्थसंकल्पातून दिले की त्यावर विधिमंडळात चर्चा होते, ते किती झाले हे दिसते आणि परवडेनासे झाले की थांबवता येते. तेच अनुदान उद्योगाचा दर चढा ठेवून क्रॉस सबसिडीतून, म्हणजे एका ग्राहकाकडून जास्त घेऊन दुसऱ्याला स्वस्त देऊन, दिले की ते कोणाच्याच हिशेबवहीत ठळकपणे येत नाही आणि वर्षानुवर्षे चालू राहते. हरित योजनांच्या बाबतीत मी पहिल्या पद्धतीच्या बाजूने आहे आणि दुसरीच्या ठाम विरोधात आहे.

शेतीच्या सौर वाहिन्यांबद्दल मात्र माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे. राज्यात विकल्या जाणाऱ्या विजेतला साधारण ३० टक्के हिस्सा शेतीचा मानला जातो आणि उद्योगावरच्या क्रॉस सबसिडीचे मूळ तिथेच आहे. ते सोलर येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. २००४ मध्ये निवडणुकीपूर्वी शेतीची वीज मोफत झाली आणि वर्षभरात पुन्हा बिले सुरू झाली, तेव्हा सौर पंप हा शब्दही गावात कोणाला माहीत नव्हता. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत वीज आहे. या परिस्थितीत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ दोन-पाच मेगावॉटचा प्रकल्प उभारून तीन रुपयांच्या आसपासच्या दराची वीज त्याच उपकेंद्राच्या शेतीच्या वाहिन्यांना देणे, हा त्या जुन्या जखमेवरचा मला माहीत असलेला सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येते.

शिरोळ तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी गेल्या वर्षी दुपारी एक वाजता उभा होतो. पूर्वी रात्रीच्या पाळीत शेतीच्या वाहिन्या सुरू झाल्या की तिथला व्होल्टेज मीटर दहा मिनिटांत खाली येत असे आणि ऑपरेटर टॅप बदलण्यासाठी उठत असे. त्या दुपारी चार वाहिन्यांवर पंप चालू होते, सौर प्रकल्पाचा भार वर चढलेला होता आणि रोहित्रातून जाणारा प्रवाह जवळजवळ शून्यावर होता. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, ह्या वेळेला आता रोहित्राचा आवाजच येत नाही." ज्यांच्या घरातला माणूस जानेवारीच्या रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसात दार धरायला जात होता, त्यांना याचे महत्त्व सांगावे लागत नाही. तुम्हाला यातून मिळणारा फायदा असा की शेतीसाठी महाग वीज विकत घेण्याची गरज जितकी कमी होईल, तितका क्रॉस सबसिडी उतरवण्याला आधार तयार होईल. ती प्रत्यक्षात उतरेल की नाही हे सरकार आणि आयोगाच्या हातात आहे, आणि त्यासाठी उद्योग संघटनांनी दर सुनावणीत आकडे घेऊन उभे राहिले पाहिजे.

त्याच वेळी सरकारी जाहिरातीतला हिशेब जसाच्या तसा घेऊ नये. शेतापर्यंत वीज पोहोचवण्याचा आठ रुपयांचा खर्च आणि सौर प्रकल्पाच्या फाटकावरचा तीन रुपयांचा दर यांची तुलना करून पाच रुपये वाचले असे सांगितले जाते. पहिल्या आकड्यात तारा, रोहित्रे, गळती आणि कर्मचारी धरलेले असतात, दुसऱ्यात फक्त निर्मिती असते. उपकेंद्राजवळच निर्मिती झाल्याने लांबच्या वाहिन्यांवरची गळती वाचते हे खरे, पण गावातल्या तारा आणि डीपी तशाच राहतात. बचत आहे, ती सांगितली जाते तितकी नाही.

स्वतंत्र सौर पंपांबद्दल मला अधिक शंका आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी ५ टक्के. वायर न पोहोचलेल्या डोंगरी शेतासाठी तो पंप वरदान आहे. पण जिथे आधीच वाहिनी आहे तिथे प्रत्येक विहिरीवर वेगळी पॅनेल लावली की पिकाला पाणी नको असलेल्या दिवसांत ती वीज वाया जाते, वाहिनीवरच्या प्रकल्पातली मात्र दुसऱ्याच्या उपयोगी पडते. शिवाय युनिटला किंमतच नसलेला पंप भूजल किती उपसतो यावर कोणतीही आडकाठी उरत नाही.

हस्तक्षेप एकमेकांना कसे कापतात, याकडेही पाहावे लागेल. स्वस्त सौर वीज हवी म्हणून सरकार अनुदान देते, आणि देशी कारखाने उभे राहावेत म्हणून त्यानेच एप्रिल २०२२ मध्ये परदेशी पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावले. घरांच्या छतांवरच्या योजनेत अनुदान हवे असेल तर देशी सेलपासून बनलेलीच पॅनेल लागतात आणि ती महाग असतात. म्हणजे घरमालकाच्या नावाने निघालेल्या ७८,००० रुपयांतला काही भाग पॅनेल बनवणाऱ्याकडे जातो. देशी उद्योग उभा राहणे हे उद्दिष्ट चांगले असेल, पण ते स्वतंत्रपणे सांगून त्याचा खर्च स्वतंत्रपणे दाखवायला हवा. कारखान्याच्या छताला यातले अनुदान मिळतच नाही, शुल्काने वाढलेली किंमत मात्र तुम्हालाही भरावी लागते.

आता तुमच्या भीतीकडे येतो: नियम बदलतील का? बदलतात, आणि फार लवकर बदलतात. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत नेट मीटरिंग, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट तुमच्या वापरातून वजा करण्याची सोय, १० किलोवॉटपर्यंतच ठेवले होते, जून २०२१ मध्ये ते ५०० किलोवॉटपर्यंत नेले. त्या सहा महिन्यांत माझ्या तीन ग्राहकांनी ठरवलेली कामे रद्द केली आणि एकाने दुसऱ्या राज्यात केली. २०१९ च्या जुलैत आंध्र प्रदेशात नवीन सरकारने आधीच्या सरकारने केलेले पवन आणि सौर खरेदी करार महाग आहेत म्हणून दर कमी करायला सांगितले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने करारातलाच दर द्यावा असा निकाल दिला, पण मधली पावणेतीन वर्षे प्रकल्पवाल्यांची बँकेशी झुंजण्यात गेली. महाराष्ट्रात २०२५ च्या दर आदेशाने सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सवलतीचे सौर तास ठरवले. दुपारी वीज मुबलक आहे म्हणून दुपारचा दर कमी असावा, हे तत्त्व मला पटते. एक्स्चेंजवर दुपारचा आणि सूर्यास्तानंतरचा भाव यांत कित्येक पटींचा फरक असतो, तो ग्राहकाला दिसलाच पाहिजे. पण ज्यांनी दिवसा तयार होणारे युनिट रात्रीच्या पाळीत वळते होईल या हिशेबावर कर्ज काढून मोठे प्रकल्प बसवले, त्यांच्या पायाखालची जमीन यामुळे हलली. बदल योग्य असला तरी तो जुन्या गुंतवणुकीला लावताना मुदत द्यायला हवी.

यावरून मी माझ्या ग्राहकांसाठी एक पद्धत धरली आहे: प्रकल्पाचा आकार असा ठेवायचा की ग्रिडला दिलेल्या युनिटचा एक पैसाही मिळाला नाही तरी गुंतवणूक वसूल व्हावी. तुमचे उदाहरण घेऊ. साधा माग चालू असताना सरासरी अर्धा किलोवॉटच्या आसपास ओढतो; २४ मागांचे १२, त्यात कांडी मशीन आणि दिवे धरून दुपारचा भार १३ ते १४ किलोवॉट होईल. आपल्या भागात एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देते. १० किलोवॉट बसवले तर वर्षाला १४,००० युनिट होतील. आठवड्याच्या सुट्टीचे वजा केले तर सुमारे १२,००० युनिट तुम्ही स्वतः जागेवर वापराल. माझ्याकडे सध्या येणाऱ्या कोटेशनांवरून खर्च ५ लाखांच्या आसपास धरा.

इथे तुमची सवलत निर्णायक ठरते. एक युनिट सोलरमुळे वाचले की तुमच्या बिलातून ७ रुपये कमी होत असतील, तर वर्षाला ८४,००० रुपये वाचून सहा वर्षांत पैसे वसूल होतात. सवलतीनंतर तेच युनिट तुम्हाला ४ रुपयांना पडत असेल तर वर्षाची बचत ४८,००० रुपये होते आणि वसुलीला दहा वर्षांहून अधिक लागतात, कर्जाचे व्याज वेगळे. म्हणजे राज्याची एक मदत तुम्हाला दुसऱ्या हरित पर्यायापासून दूर ठेवते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ही सवलत उद्या कमी झाली की त्याच पॅनेलची किंमत वाढते, त्यामुळे छोटा प्रकल्प हा सवलत जाण्याच्या धोक्यावरचा विमाही आहे. किती विमा घ्यायचा हे तुमच्या कर्जावर, धंद्यातल्या मंदीवर आणि पुढच्या पिढीला मागात रस आहे का यावर ठरेल. ते मी इथून सांगू शकत नाही.

गेल्या १२ महिन्यांची बिले काढा. एकूण रकमेला युनिटांनी भागू नका, कारण स्थिर आकार सोलरने कमी होत नाही. ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क आणि विक्री कर यांची युनिटमागची बेरीज करून त्यातून युनिटमागची सवलत वजा करा आणि तुमच्या मीटरला तासनिहाय दर लागू असेल तर सौर तासांचाच दर धरा. येणाऱ्या आकड्याने वसुली सात वर्षांच्या आत बसत असेल तर १० किलोवॉट बसवा. बसत नसेल तर आधी मोटारींकडे वळा. इचलकरंजीतल्या शेडांमध्ये चार-चार वेळा रिवाइंड केलेल्या मोटारी मी सर्रास पाहतो. त्या बदलणे, कपॅसिटर तपासणे आणि पट्ट्यांचा ताण नीट ठेवणे याला कोणत्याही सरकारच्या धोरणाची वाट पाहावी लागत नाही आणि पैसे सोलरच्या आधी परत येतात.

बसवायचे ठरलेच तर छताचे पत्रे आणि कैच्या किती जुन्या आहेत हे आधी तपासून घ्या, कारण पॅनेल २५ वर्षांसाठी लावायची आणि त्याखालचा सिमेंटचा पत्रा पाच वर्षांत बदलायचा, हा दुप्पट खर्च होतो. इन्व्हर्टर शेडच्या आत लावू देऊ नका. एका शेडमध्ये तीन महिन्यांपूर्वीच बसवलेला इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो म्हणून मी उघडून पाहिला, तर त्याच्या पंख्यावर आणि जाळीवर सुताच्या बुराची बोटभर जाड गादी बसलेली होती आणि आतले तापमान वाढून तो दुपारी, म्हणजे नेमक्या कमाईच्या वेळी, स्वतःहून थांबत होता. तो बाहेरच्या भिंतीवर, सावलीत आणि वर पत्र्याचा आडोसा करून लावून घ्या, आणि ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्या.